आपल्या हातात काय आहे?

रात्री साडेअकराला फोन हातात घेतला की तो येतोच. पांढऱ्या संगमरवराचा, कुरळ्या दाढीचा, दंड फुगवलेला मार्कस ऑरेलियस. मागे व्हायोलिन, वर हिंदीतला घोगरा आवाज. कुणाकडून अपेक्षा ठेवू नकोस, आवाज सांगतो. दुःख कुणाला दाखवू नकोस. जे तुझ्या कंट्रोलमध्ये नाही त्याचा विचार सोड. गेली ती जाऊ दे. तू सिंह आहेस. मग एका कोर्सची लिंक.

सिंह यात कुठून आला ते मला आजवर कळलेलं नाही. दंडांबद्दल मात्र सांगता येईल. खरा मार्कस प्रकृतीनं अशक्त होता. कॅसियस डिओ हा रोमन इतिहासकार लिहितो की तो जेवायचा थोडंसं, आणि थेरियाक नावाचं औषध नेमानं घ्यायचा. गेलनसारखा वैद्य त्याच्यासाठी ते तयार करायचा. इसवी सन १६१ ते १८० या त्याच्या राजवटीत साम्राज्यात मोठी साथ पसरली आणि डॅन्यूब नदीवरची युद्धं संपता संपेनात. त्याला तेरा-चौदा मुलं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त त्याच्या डोळ्यांदेखत गेली. युद्धाच्या छावणीत बसून हा माणूस ग्रीकमध्ये स्वतःसाठी टिपणं लिहीत होता. ती कुणी वाचावीत अशी त्याची इच्छा असल्याचं कुठेही दिसत नाही. त्या टिपणांचं आज व्हायोलिन लावून जे झालंय, त्याबद्दल मला भांडायचं आहे.

आधी हेही सांगून टाकतो, मी ही रील्स बघायचो. आवडीनं बघायचो. सेव्ह करून ठेवायचो. त्यामुळे हे भांडण थोडंफार स्वतःशीही आहे.

स्टोइक हा शब्द आला ‘स्टोआ’वरून. स्टोआ म्हणजे खांबांची लांबलचक ओसरी. झेनो नावाचा सायप्रसचा एक व्यापारी होता. त्याचं जहाज बुडालं आणि तो अथेन्सला आला. गोष्ट अशी सांगतात की तिथं एका पुस्तकवाल्याकडे बसून त्यानं सॉक्रेटिसबद्दल काहीतरी ऐकलं आणि विचारलं, असली माणसं भेटतात कुठं? पुढे, ख्रिस्तपूर्व ३००च्या सुमारास, तो स्वतःच शिकवायला लागला. बाजारचौकाला लागून चित्रांनी सजवलेली एक ओसरी होती, तिथं. म्हणजे आपल्या भाषेत हे लोक ‘ओसरीवाले’. आल्यागेल्यानं बसावं, ऐकावं, वाद घालावा. त्याच्यानंतर गादीवर आलेला क्लिअँथीस रात्री बागांना पाणी घालून पोट भरायचा आणि दिवसा शिकायचा. भर वर्दळीत बसून, लोकांमध्ये राहून केलेलं हे तत्त्वज्ञान. ते आज एकट्यानं, अंधारात, हेडफोन लावून घ्यायचं औषध कसं झालं?

माझ्या मते घोटाळा एका शब्दात आहे. ‘कंट्रोल’.

हा शब्द जिथून आला ती जागा म्हणजे एपिक्टेटसच्या छोट्या पुस्तिकेची सुरुवात. एपिक्टेटस हा गुलाम. जन्म इसवी सन ५०च्या आसपास, आजच्या तुर्कस्तानातल्या हायरापोलिसचा. त्याच्या नावाचा अर्थच ‘मिळवलेला’ असा होतो. सामानाला द्यावं तसलं नाव. तो पायानं अधू होता. मालक एपाफ्रोडिटस हा नीरो बादशहाच्या दरबारातला वजनदार माणूस, आणि तोही एके काळचा गुलामच. पुढे एपिक्टेटस मुक्त झाला, रोममध्ये शिकवू लागला, डोमिशियन बादशहानं तत्त्वज्ञांना हाकललं तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला गेला आणि तिथं शाळा काढली. त्यानं स्वतः काही लिहिलं नाही. एरियन नावाच्या विद्यार्थ्यानं त्याची बोलणी उतरवून घेतली, त्या आठ भागांतले चार आपल्याकडे उरले आहेत. पुस्तिका त्यातूनच काढलेली.

तर तो म्हणतो की जगातल्या गोष्टी दोन प्रकारच्या. काही आपल्यावर असतात, काही नसतात. आपलं मत, आपली ओढ, आपला नकार, काय करायचं याचा निर्णय, हे आपल्यावर. शरीर, पैसा, नाव, हुद्दा, हे नाही. मूळ ग्रीक शब्दप्रयोग शब्दशः ‘आपल्यावर’ असाच आहे. तो मराठीत जितका चपखल बसतो तितका इंग्रजीत बसत नाही. आजोबा गेल्यावर कुणी थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतं, “आता घर तुझ्यावर आहे.” हे ऐकून तो मुलगा ‘वा, घर माझ्या कंट्रोलमध्ये आलं’ असं समजत नाही. त्याला नीट कळतं की त्याच्या डोक्यावर काय ठेवलं गेलंय.

आपल्याकडे आणखी एक वाक्य आहे. “आपल्या हातात काय आहे?” हे खांदे उडवून म्हणायचं असतं. याला प्रश्नचिन्ह असलं तरी हा प्रश्न नाही. उत्तर आधीच ठरलेलं आहे, काही नाही. रिझल्ट लागला, आपल्या हातात काय आहे. साहेबानं झापलं, आपल्या हातात काय आहे. रील नेमकं हेच वाक्य इंग्रजी कोट घालून परत आपल्याला विकते. एपिक्टेटस तो प्रश्न खरोखर विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याला उठू देत नाही.

हे मला कळलं ते असं. तीन वर्षांपूर्वी बाबांना मेंदूत रक्तस्राव झाला. आयसीयूच्या बाहेर बाकावर आई बसलेली. मी “बिलाचं बघून येतो” म्हणून खाली आलो आणि पार्किंगजवळच्या चहाच्या गाडीपाशी उभा राहिलो. बिलाचं बघायला पाच मिनिटं लागली. पुढचे चार तास मी फोन बघत होतो. तो संगमरवरी माणूस येत होता आणि सांगत होता, जे तुझ्या कंट्रोलमध्ये नाही ते सोड. मला पटत होतं. डॉक्टर बघतायत, मशिनं चालू आहेत, मी वर जाऊन काय करणार? मी शांत आहे, मी भावनेच्या आहारी गेलेलो नाही, असं मला चक्क वाटत होतं. पहाटे चारच्या सुमारास मी वर गेलो ते काही सुचलं म्हणून नाही, बॅटरी संपली म्हणून. आईनं एवढंच विचारलं, “खाली चहा मिळतो का रे?”

वर्षभरानं एपिक्टेटसची बोलणी वाचताना पहिल्याच भागात एक प्रसंग आला. एक सरकारी अधिकारी त्याला भेटायला येतो. गप्पांत घरचा विषय निघतो. अधिकारी म्हणतो, माझी लहान मुलगी फार आजारी होती, वाचते की नाही अशी. मला तिच्याजवळ बसवेना, बघवेना. मी घरातून निघून गेलो, ती बरी झाल्याचा निरोप आला तेव्हाच परतलो. एपिक्टेटस विचारतो, बरोबर वागलास असं वाटतं का? अधिकारी म्हणतो, बापाचं काळीज आहे, कुठल्याही बापाला असंच होईल.

मग तो त्याला धरतो. मुलीच्या आईचं तिच्यावर प्रेम आहे की नाही? आहे. मग तिनंही निघून जायला हवं होतं का? नाही. दाईचं आहे? आहे. तीही गेली असती तर? मुलीला सांभाळणारा नोकर? त्याचंही प्रेम आहे, त्यानंही जावं? म्हणजे तुमच्या सगळ्यांच्या प्रेमापायी ती पोर एकटी पडली असती, आणि मेलीच असती तर जिला तिची काही पडलेली नाही अशा कुणाच्या तरी हातात मेली असती. उद्या तू आजारी पडलास तर तुझ्या माणसांनी तुझ्यावर असंच प्रेम करावं का, की तुला टाकून सगळे बाहेर पळतील? असलं प्रेम आपल्या वैऱ्यांनी आपल्यावर करावं, म्हणजे ते तरी लांब राहतील, असंच कुणीही म्हणेल ना?

मी ते वाचून पुस्तक बंद केलं.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तो त्या बापाला ‘दुःख करू नकोस’ असं म्हणतच नाही. मुलगी जगणं-मरणं तुझ्या हातात नव्हतं, मग कशाला चिंता, असंही नाही. तो म्हणतो, तू पळालास ते दुःखामुळे नाही. पळणं हेच या वेळी योग्य, असं तुला वाटलं म्हणून पळालास. आणि ते वाटणं, ते तेवढं, तुझ्यावर होतं. बाकाशेजारी बसणं तुझ्यावर होतं. रील ज्या वाक्यानं मला खाली थांबवून ठेवत होती, त्याच वाक्याच्या मूळ मालकानं मला कॉलर धरून वर पाठवलं असतं.

हे ‘वाटणं’ तपासायचं तंत्र पुढे कुठं गेलं तेही जाता जाता सांगतो. अमेरिकन मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यानं विसाव्या शतकात आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली तेव्हा एपिक्टेटसचं ऋण मोकळेपणानं मान्य केलं. आरन बेक यानंही आपल्या पद्धतीची मुळं स्टोइकांपर्यंत नेली. मराठीत कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून हा विचार आणला, त्यावर लिहिलं, माणसं तयार केली. म्हणजे हा माल आपल्याकडे रील्सच्या कितीतरी आधी आलेला आहे, आणि चांगल्या अवस्थेत आलेला आहे.

आता दुसरा घोटाळा. दुःख दाखवू नकोस, रडू नकोस, सिंह हो.

ऑलस गेलियस या रोमन लेखकानं समुद्रप्रवासातला एक किस्सा लिहून ठेवला आहे. ग्रीसकडून इटलीला जाताना जहाज रात्रभर वादळात सापडलं. जहाजावर एक नावाजलेला स्टोइक तत्त्वज्ञ होता. गेलियसनं मुद्दाम त्याच्याकडे बघितलं, हा कसा राहतो म्हणून. तर तो पांढराफटक पडलेला. रडत-ओरडत नव्हता, पण चेहरा इतरांसारखाच उतरलेला. वादळ शमल्यावर एक श्रीमंत प्रवासी त्याला टोमणे मारायला आला. तत्त्वज्ञानं त्याला वाटेला लावलं. पण पुढे गेलियसनं नीट, अदबीनं विचारल्यावर त्यानं थैलीतून एपिक्टेटसचं पुस्तक काढलं. त्याचा पाचवा भाग. तो आता हरवला आहे, आपल्याला त्यातला हा मुद्दा गेलियसमुळेच ठाऊक आहे. मुद्दा असा की आभाळ कडाडलं, जहाज कलंडलं की शहाण्यातला शहाणा माणूसही दचकतो, रंग उडतो. हे मनाच्या आधी होतं, त्यावर कुणाचा इलाज नाही. फरक पडतो तो पुढच्या क्षणी. ‘आता सगळं संपलं’ या आतून येणाऱ्या हाकेला तो माणूस ‘हो’ म्हणतो की ‘थांब, बघू’ म्हणतो.

म्हणजे पांढराफटक पडलेला स्टोइक हाही स्टोइकच. मार्कसबद्दल एक आख्यायिका आहे, तरुणपणी त्याचा एक शिक्षक वारला तेव्हा तो रडत होता आणि दरबारी नोकर त्याला आवरत होते. सम्राट अँटोनायनस, ज्यानं त्याला दत्तक घेतलं होतं, त्यानं नोकरांनाच थांबवलं, की त्याला माणसासारखं वागू द्या. सेनेकानं मित्राच्या मृत्यूवर दुसऱ्याला सांत्वनपर पत्र लिहिलं आणि त्यातच कबूल केलं की माझा सेरेनस गेला तेव्हा मी स्वतः बेताबाहेर रडलो. रील बनवणाऱ्यांनी या माणसांच्या डोळ्यांतलं पाणी पुसून वर पॉलिश मारलं आहे.

आणि ही पॉलिश कुणाला हवी असते तेही बघायला हवं. ती बघणाऱ्यांत माझ्यासारखी पोरं बहुतेक. वीस-पंचविशीची, नोकरी लागत नाही, लग्न जमत नाही, घरी बोलता येत नाही. लहानपणापासून ‘मुलीसारखा काय रडतोस’ ऐकलेली. त्यांना कुणीतरी सांगतं की तुझं हे न बोलणं म्हणजे दोन हजार वर्षांची परंपरा आहे, तू घुम्या नाहीस, स्टोइक आहेस. किती सोय! इंग्रजीत डॉना झुकरबर्ग या अभ्यासक बाईंनी २०१८ साली एक अख्खं पुस्तक लिहिलं, इंटरनेटवरचे बायकांचा द्वेष करणारे पुरुषी गट ग्रीक-रोमन लेखकांना, त्यात स्टोइकांनाही, कसे वापरतात यावर. गंमत अशी की एपिक्टेटसचा स्वतःचा गुरू, म्युसोनियस रूफस, त्या काळात मांडत होता की बायकांनीही तत्त्वज्ञान शिकायला हवं, मुलींना मुलांसारखंच शिक्षण द्यायला हवं. दासीशी संबंध ठेवणाऱ्या मालकांना तो विचारायचा, तुमच्या बायकोनं गुलामाशी असंच केलं तर चालेल का? यावर रील कुणी काढल्याचं माझ्या बघण्यात नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे कात्री. रीलवाले वाक्य अर्ध्यात कापतात. मार्कसच्या टिपणांतल्या दुसऱ्या भागाची सुरुवात घ्या. तो स्वतःला बजावतो की आज दिवसभरात तुला आगाऊ, कृतघ्न, उद्धट, मत्सरी माणसं भेटणार. रील इथं संपते. खाली कॉमेंट्स : सही बात, दुनिया मतलबी. पण मार्कस इथं थांबलेला नाही. तो पुढे म्हणतो की ही माणसं अशी आहेत कारण त्यांना बरंवाईट कळलेलं नाही, ती माझीच भावंडं आहेत, आणि आम्ही दोन हातांसारखे, दोन पायांसारखे एकमेकांबरोबर काम करण्यासाठी आहोत. म्हणून त्यांच्यावर चिडणं, त्यांना टाकून जाणं हेच निसर्गाविरुद्ध. मूळ मजकुराचा सगळा रोख शेवटाकडे आहे. पहिला अर्धा भाग कापून लावला तर तो नेमका उलटा अर्थ सांगतो.

पहाटे पाचला उठण्याचंही तसंच. अंथरुणातून उठवत नाही तेव्हा माणसाचं काम करायला उठतोय हे लक्षात ठेव, असं मार्कस स्वतःला समजावतो आणि मुंग्या, मधमाश्या, चिमण्यांची उदाहरणं देतो, ज्या आपापला वाटा उचलून जगाचा गाडा चालवतात. यातून ‘पाचला उठा, कोट्यधीश व्हा’ कसं काढलं, ते काढणाऱ्यालाच ठाऊक. हायरोक्लीस नावाचा आणखी एक स्टोइक तर सांगायचा की माणसाभोवती वर्तुळं असतात. पहिलं स्वतःचं, मग आईबाप-भावंडांचं, मग नातलग, गाव, देश, आणि शेवटी सगळी माणसं. आपलं काम काय, तर बाहेरची वर्तुळं आत ओढायची. त्यासाठी त्यानं एक उपायही सुचवला : चुलत भावाला भाऊ म्हणा, काका-मामांना वडिलांच्या जागी धरा. आपण तर रिक्षावाल्यालाही काका म्हणतो. हायरोक्लीस खूश झाला असता.

आता ऑफिसकडे येऊ, कारण रीलपेक्षा जास्त नुकसान तिथं होतंय. मी आधी जिथं काम करायचो तिथं एका शुक्रवारी आमच्या टीममधल्या तिघांपैकी एकाला या हिशेबानं काढलं. पुढच्या आठवड्यात उरलेल्यांसाठी वेबिनार ठेवलं : मानसिक कणखरपणा, स्टोइक पद्धतीनं. स्लाइडवर दोन गोल. आतल्या गोलात ‘माझी मेहनत, माझा दृष्टिकोन’. बाहेरच्या गोलात ‘कंपनीचे निर्णय, बाजार, इतरांचं वागणं’. बाहेरच्या गोलावर ऊर्जा वाया घालवू नका, ट्रेनर म्हणाला. कुणी काही विचारलं नाही. आपल्या हातात काय आहे.

त्या वेबिनारमध्ये मला हेल्विडियस प्रिस्कसबद्दल सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा तो मला माहीत नव्हता. हा रोमन सिनेटर, आणि स्टोइक. व्हेस्पेशियन बादशहाला त्याची तोंडाळ उपस्थिती नको होती, म्हणून त्यानं निरोप पाठवला की सिनेटमध्ये येऊ नकोस. एपिक्टेटस हा संवाद विद्यार्थ्यांना रंगवून सांगतो. प्रिस्कसचं म्हणणं असं की मला सिनेटर ठेवायचं की नाही हे तुझ्यावर आहे, पण जोवर आहे तोवर यायला हवं. बरं, ये, पण गप्प बस. मला मत विचारू नकोस, बसतो गप्प. मत तर विचारावंच लागेल. मग मला जे योग्य वाटतं ते सांगावंच लागेल. सांगितलंस तर मारीन. मी अमर आहे असं कधी म्हटलं होतं का? तू तुझं काम कर, मी माझं करतो.

त्याला आधी हद्दपार केलं आणि मग मारलं.

हा प्रसंग म्हणजे तेच दोन गोल आहेत. मारणं बादशहाच्या गोलात, बोलणं प्रिस्कसच्या गोलात. पण ट्रेनर म्हणतो, बादशहाचा निर्णय तुझ्या हातात नाही म्हणून गप्प बस. एपिक्टेटस म्हणतो, बादशहाचा निर्णय तुझ्या हातात नाही म्हणूनच बोलायला मोकळा हो. प्रिस्कस एकटा, त्यानं काय फरक पडला, असं कुणीतरी विचारतं, तेव्हा तो उलट विचारतो की पांढऱ्या वस्त्राच्या काठावर जांभळी पट्टी असते, ती त्या वस्त्राचं काय भलं करते? ती उठून दिसते, आणि बाकीच्यांना नमुना मिळतो.

आपल्या जवळचं उदाहरण द्यायचं तर ऑगस्ट २०२४ मधलं पुणं आठवा. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आणि बँकेची परीक्षा, दोन्ही २५ ऑगस्टला. अभ्यासिकेतल्या पोरांच्या फोनवर त्या आठवड्यातही तेच रील फिरत असणार : तारीख तुझ्या कंट्रोलमध्ये नाही, अभ्यास आहे. आणि ती पोरं पुस्तकं मिटून रस्त्यावर बसली. आयोगानं परीक्षा पुढे ढकलली. ढकलली नसती तरी माझा मुद्दा बदलत नाही. तारीख त्यांच्या हातात नव्हतीच, शेवटपर्यंत नव्हती. रस्त्यावर बसणं होतं.

इथं कुणी म्हणेल, तू तुझ्या सोयीचे स्टोइक निवडतोयस. बरोबर आहे. गैरसोयीचेही सांगतो. सेनेका नीरोचा शिक्षक, मग सल्लागार, आणि साधेपणावर लिहिता लिहिता अफाट श्रीमंत झालेला. त्याच्यावर हयातीतच आरोप झाला की चार वर्षांत तीस कोटी सेस्टर्स कुठल्या तत्त्वज्ञानानं जमवलेस? गुलामांशी माणसासारखं वागा, त्यांच्याबरोबर जेवा, असं त्याचं सुंदर पत्र आहे. गुलामगिरी मोडा, असं मात्र त्यात नाही. मार्कस जगातला सगळ्यात शक्तिशाली माणूस होता, त्यानंही ती मोडली नाही. एपिक्टेटस तर स्वतः गुलाम होता, तरी त्याला आतल्या मुक्तीचीच ओढ जास्त. जो माणूस आतून मुक्त तो साखळीतही मुक्त, हे विधान साखळी घातलेल्यानं केलं तर तेज असतं. साखळी घालणाऱ्यानं केलं तर ते ओंगळ होतं. आणि ते दोघांनाही तितकंच सहज करता येतं, ही या तत्त्वज्ञानातली खरी भेग आहे. वेबिनारचा ट्रेनर त्याच भेगेतून आत शिरलाय, हे मला मान्य करावं लागेल.

एपिक्टेटसची आणखी एक गोष्ट मला पचत नाही. तो म्हणतो की मुलाचा पापा घेताना मनात म्हण, मी एका मर्त्य माणसाचा पापा घेतोय, म्हणजे तो गेला तर तू कोसळणार नाहीस. जिथं निम्मी मुलं मोठी होण्याआधी जायची त्या जगात हे एखाद्याला आधाराचं वाटलं असेल. मी तीनदा वाचलं, तिन्ही वेळा नको वाटलं. बाबा नंतर दोन वर्षं जगले, उजवा हात लुळा घेऊन. त्यांना भरवताना ‘हे मर्त्य आहेत’ असं मनात म्हणायची मला कधी गरज पडली नाही, ते दिसतच होतं.

तरीही मी हे पुस्तक फेकून दिलेलं नाही, कारण अडचणीत सापडलेल्या माणसाला ते खरोखर कामाला येतं याचे पुरावे आहेत. जेम्स स्टॉकडेल या अमेरिकन वैमानिकाचा तर रील्सनाही फार पुळका. सप्टेंबर १९६५ मध्ये व्हिएतनामवर त्याचं विमान पडलं, तो साडेसात वर्षं हनोईच्या तुरुंगात होता. पाय मोडलेला, छळ, वर्षानुवर्षं एकांतकोठडी. एपिक्टेटस त्याला जवळजवळ पाठ होता. रील इथं ‘एकटा वाघ’ दाखवते. पण स्टॉकडेलनं जे लिहिलंय त्यात एकटेपणाचं कौतुक नाही. कैदी भिंतीवर टकटक करून, अक्षरांची सांकेतिक भाषा करून एकमेकांशी बोलायचे. छळाला बळी पडून काहीतरी कबूल करून आलेल्या माणसाला शरमेनं मेल्यासारखं व्हायचं, तेव्हा पलीकडून टकटक यायची. त्यातला सगळ्यात वरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यांपैकी एक म्हणून त्यानं या लोकांना एकत्र बांधून ठेवलं, काय सहन करायचं आणि कुठं अडून बसायचं याचे नियम ठरवले. त्याच्या हातात काय होतं? बोटांची पेरं आणि एक भिंत.

एपिक्टेटसच्या म्हातारपणाची एक हकिकत सिंप्लिसियस नावाच्या नंतरच्या भाष्यकारानं सांगितली आहे. आयुष्यभर एकटा राहिलेला, घरात जवळपास काही नसलेला माणूस. लोखंडी दिवा चोरीला गेला तेव्हा उद्या मातीचा आणू म्हणणारा. त्याच्या एका मित्रावर अशी वेळ आली की गरिबीपायी तो आपलं तान्हं मूल उघड्यावर टाकून देणार होता. त्या काळी असं सर्रास व्हायचं, आणि एपिक्टेटसच्या यादीप्रमाणे ते मूल, त्याचं नशीब, त्या मित्राची गरिबी, यातलं काहीही त्याच्यावर नव्हतं. त्यानं ते मूल घरी आणलं. लंगडत्या म्हाताऱ्याला तान्हं बाळ एकट्यानं कसं सांभाळणार, म्हणून एका बाईलाही घरी आणलं, आणि दोघांनी मिळून ते वाढवायला घेतलं.